चेहरा न बघता केलेले दात

चार वर्षांत मी एकही कवळी मनापासून केली नाही, आणि चार वर्षांत एकही परत आली नाही. हे मी फुशारकीने सांगत नाहीये. तुम्हीच सांगा, माणसाने कामावर जीव टाकायचा तो कशाच्या जोरावर?

मी श्यामला. कर्वेनगरात योगेशची दातांची लॅब आहे, दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. तिथे मी सव्वीस वर्षं कवळ्या करते. आधी लॅब योगेशच्या वडिलांची होती, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. काका गेले आणि योगेश आला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मला श्यामलाताई म्हणतो, अहो-जाहो करतो, आणि माझं काही ऐकत नाही.

काम असं चालतं. डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचं माप घेतात, ते माप आमच्याकडे येतं. सोबत एक चिठ्ठी: नाव, वय, दाताचा रंग. बुद्धभूषण त्या मापात प्लास्टर ओततो, की झाला जबडा तयार. त्या जबड्यावर मी मेण बसवते आणि गरम सुरीने एकेक दात मेणात लावते. मेणातली कवळी डॉक्टरांकडे ट्रायलला जाते, बरी बसली की परत येते, आणि मग मेण काढून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून ती पक्की करायची. आता यात पेशंट कुठे आला? कुठेच नाही. सव्वीस वर्षांत मी हजारो लोकांना दात दिले आणि त्यांतल्या एकाचंही तोंड प्रत्यक्ष बघितलं नाही. आमच्याकडची रीतच ती आहे. पेशंट क्लिनिकचा, जबडा आमचा.

पूर्वी मला ते चालायचं नाही. मी क्लिनिकला फोन करून पेशंटचा जुना फोटो मागवायचे. एका शाळामास्तरांच्या पुढच्या दोन दातांत फट होती, ती मी कवळीतही ठेवली. एका आजींचा सुळा जरा बाहेर यायचा, तो तसाच बाहेर काढला. काका म्हणायचे, श्यामला, तू एक दिवस स्वतःची लॅब काढणार. मलाही तसंच वाटायचं. नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं. सांगत नाही, तुम्ही हसाल.

मग ते कसं गेलं, तेही सांगते. काम संपलं की डॉक्टर चिठ्ठीवर एक टिक करून परत पाठवतात, म्हणजे काम ठीक. चार दिवस खपून केलेल्या कवळीला एक टिक. एकदा अंगात ताप होता, तर मी अर्ध्या दिवसात पट्टीवरचे तयार दात सरळ रेघेत चिकटवून दिले. तिलाही टिक. म्हटलं, असं आहे काय! मग मी मुद्दाम करून बघितलं. महिनाभर बाईला, बाप्याला, पन्नाशीच्या माणसाला, ऐंशीच्या माणसाला, सगळ्यांना एकसारखे दात लावले. सगळ्यांना टिक. त्या महिन्यानंतर मी फोटो मागवणं बंद केलं. रडले नाही, कुणाशी भांडले नाही. नुसतं काही वाटेनासं झालं.

दहाला यायचं, पाट्या टाकायच्या, सहाला पर्स उचलायची. योगेशने कंप्युटरवर दात काढायचं मशीन आणलं, म्हणाला शिका. म्हटलं नको. मग म्हणाला, लॅबच्या हेड व्हा. म्हटलं दुसऱ्या कुणाला कर. घरी लेक म्हणायची, आई तू मोबाइलवर सुद्धा काही बघत नाहीस, नुसतीच वर-खाली करतेस. एकदा बुद्धभूषण म्हणाला, "ताई, हल्ली तुम्ही माझ्याशी भांडत नाही. पूर्वी प्लास्टरमध्ये एक बुडबुडा दिसला तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचात." मी म्हटलं, "बुडबुडे कुणाला दिसतात आता?" पण तो बुडबुडे ठेवायला लागला नाही, हे त्याचं मोठेपण.

दसरा झाल्यावर एक कवळी परत आली. चार वर्षांतली पहिली. चिठ्ठीवर नाव: जब्बार शेख, वय सदुसष्ट. खाली डॉक्टरांच्या अक्षरात, "सैल होते. पेशंट असमाधानी." मी कड जरा घासली, दिली पाठवून. आठ दिवसांनी पुन्हा आली. पुन्हा घासली. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा आली, तेव्हा डॉक्टर सृष्टीचा फोनही आला. तिचं क्लिनिक स्वारगेटच्या बाजूला, वय असेल पस्तीस, मुलगी सरळ आहे, फक्त कायम घाईत.

"श्यामलाताई, पेशंट जरा किरकिरे आहेत. वाजवताना पडते म्हणतात."

"काय वाजवताना?"

"लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवतात ते."

"मग त्यांना म्हणावं, आता ढोल वाजवा," मी म्हटलं, फोन ठेवला आणि कवळी त्याच दिवशी पुन्हा घासून परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी, दहा नोव्हेंबरला, ते स्वतः आले. लॅबमध्ये पेशंट! सव्वीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. दोन जिने चढून धाप लागलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका हातात लांबट काळी पेटी, दुसऱ्या हातात स्टीलची डबी. दारातूनच म्हणाले, "माझे दात कुणी केलेत?" दात नसल्यामुळे शब्द जरा ओले येत होते, पण आवाज खणखणीत.

योगेश पुढे झाला. "काका, पेशंटनी क्लिनिकला जायचं असतं."

"तीनदा गेलो. डॉक्टरीणबाई म्हणतात, लॅबला विचारते. म्हटलं, आपणच विचारावं, मध्ये कशाला कुणी?"

"मी केलेत," मी म्हटलं. सुरी हातात होती, ती खाली ठेवली.

त्यांनी मला नीट बघून घेतलं. "तुम्ही मला याआधी कधी बघितलंय, बाई?"

"नाही."

"मग दात कसे केलेत?"

"मापावरून."

"अहो, टेलरसुद्धा एकदा अंगावर घालून बघायला बोलावतो."

त्यांनी पेटी उघडून क्लॅरिओनेटचे तुकडे जोडले, डबीतून कवळी काढून तोंडात बसवली आणि फुंकर मारली. पहिला सूर सुंदर आला. प्लास्टर ढवळणारा बुद्धभूषण हात थांबवून वळला. मग त्यांनी जोर लावला, आणि वरची कवळी पुढून वर ढकलली गेली, मागून खाली आली, खट्ट वाजली. सुराचं नुसतं फुस्स झालं. त्यांनी कवळी काढली, रुमालाने पुसली आणि डबीत ठेवली. फार सवयीने ठेवली.

"पन्नास वर्षं वाजवतोय," ते म्हणाले. "बँड आता माझ्या पुतण्याचा आहे, तालिबचा. तो म्हणतो, चाचा, कीबोर्डमध्ये क्लॅरिओनेटचं बटण आलंय, तुम्ही गाडीत बसा, आराम करा. तुळशीचं लग्न झालं, सीझन लागला. सव्वीसला लोणी काळभोरला आमची पहिली वरात आहे. त्या दिवशी वाजवलं तर वाजवलं. नाही तर तालिब बटण दाबणार आणि मी संपलो."

आता यावर माणसाने सॉरी म्हणावं. मी काय म्हणाले? "अहो, पण तुमची सोडली तर चार वर्षांत माझ्या एकाही कवळीची तक्रार नाहीये."

ते हसले. बिनदाताचं हसू, पण त्यात काही गोड नव्हतं. "तक्रार? बाई, आमच्या मोमिनपुऱ्यात, एका गल्लीत, या डॉक्टरीणबाईंच्या पाच कवळ्या आहेत. चार डबीत असतात. लग्नाला घालायची, फोटो झाला की काढायची, मग जेवायला बसायचं. माझी बायको मेहरुन, तीन वर्षं रोटी चहात बुडवून खाते."

"मग परत का नाही नेली?"

"किती वेळा न्यायची? पोराने सुट्टी घ्यायची, रिक्षा करायची, तिथे तासभर बसायचं, आणि ऐकायचं काय, तर सवय होईल. म्हातारी माणसं गप्प बसतात हो."

मी त्यांच्यासमोरच सृष्टीला फोन लावला. "चिठ्ठीवर टिक कधी करता तुम्ही?"

"पेशंट महिनाभर परत आला नाही की फाइल क्लोज करतो ना. का हो?"

मी फोन ठेवला. चार वर्षं मी ज्या टिकवर रुसून बसले होते, तिचा अर्थ "काम ठीक" नव्हताच. तिचा अर्थ होता, "माणूस आला नाही." कुणी बघतच नाही म्हणून मी हात आखडता घेतला, आणि लोक तर बघत होते, रोज दोन वेळा, ताटावर बसून. मला लाज वाटली. कानापर्यंत तापत जाणारी लाज. आणि राग आला, आधी सृष्टीचा, मग स्वतःचा, आणि स्वतःचा काही केल्या जाईना.

"सव्वीसला सोळा दिवस आहेत," मी म्हटलं. "नवी करू."

"ताई, जरा आत या," योगेश म्हणाला.

आत म्हणजे त्याची काचेची केबिन. सगळं बाहेर ऐकू जातं, पण त्याला वाटतं जात नाही. "आठ केसेस पेंडिंग आहेत. डॉक्टरांशी माझं बोलणं झालंय, त्या यांना दुसऱ्या लॅबकडे पाठवतायत. आपण कशाला जीव काढायचा? वाजवताना टिकेल अशी कवळी होत नसते, ताई."

"कुणी सांगितलं?"

"सगळे सांगतात."

"आठही करते आणि ही पण करते. आणि ही नाही जमली ना, तर सत्तावीसला सुरी तुझ्या टेबलावर ठेवून घरी जाते. मग बसव मशीनला कवळ्या करायला."

"बऱ्याच दिवसांनी ओरडलात."

"अजून ओरडले नाहीये," मी म्हटलं आणि बाहेर आले. बुद्धभूषण प्लास्टरकडे बघून हसत होता. मी म्हटलं, "हसतोस काय? या मापात टाळूवर केवढा बुडबुडा आहे, दिसत नाही का? आंधळा आहेस?" तो म्हणाला, "माप जुनं आहे ताई, पण बोला, बोला."

पहिली गोष्ट, मला जब्बारभाईंचा जुना फोटो हवा होता. स्वतःचे दात असतानाचा. त्यांनी दुसऱ्या दिवशी पिशवीभर फोटो आणले. एकूण एक फोटोत तोंडात क्लॅरिओनेट आणि गाल फुगलेले. मी म्हटलं, लग्नातला तरी असेल? तो होता. त्यात चेहऱ्यावर फुलांचा सेहरा, कपाळापासून छातीपर्यंत. "तेव्हा सहा फोटो काढले," ते म्हणाले. "सहाही सेहऱ्यातलेच." मी कपाळाला हात लावला. म्हणजे फोटो नाही. जे काय बघायचं ते समोर बसवूनच बघायला लागणार होतं.

सृष्टी आधी नाही म्हणाली. टेक्निशियन क्लिनिकमध्ये येऊन पेशंटच्या तोंडात हात घालणार, हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, हात तूच घाल, मी नुसती शेजारी उभी राहते. आणि मोमिनपुऱ्यातल्या चार डब्यांची गोष्टही सांगितली. तिने अपॉइंटमेंटची वही उलटली. मग म्हणाली, "मंगळवारी दुपारी पेशंट कमी असतात, तेव्हा या."

नवं माप घेतलं. बुद्धभूषणने एकही बुडबुडा नसलेला जबडा दिला. मी सुरी गरम केली, पहिला दात उचलला, आणि माझा हात मला ओळखीचा वाटेना. खरं सांगते. चार वर्षं सरळ रेघेत दात चिकटवून बोटं आळसावली होती. पुढचा एक दात मी सात वेळा लावला आणि सात वेळा काढला. आठव्यांदा लावला तेव्हा घाम आला होता, आणि तरीही तो वाकडाच. पूर्वी हे मी गप्पा मारत करायचे. आपलं मन लागत नाही, एवढंच मी इतके दिवस समजत होते. मन गेल्यामागून हातही निघून चालला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी जेवणाची सुट्टी सोडली. आठ केसेसचं काम उरकायचं, आणि मग बुद्धभूषणचे फुकट गेलेले जबडे घेऊन बसायचं. दात लाव, काढ, लाव, काढ. योगेश काचेतून बघायचा. बघू दे.

पहिली ट्रायल पडली. वाजवायला लागल्यावर चौथ्या सुराला कवळी सुटली. जब्बारभाईंनी क्लॅरिओनेट इतक्या हळू पेटीत ठेवला की मला वाटलं, यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. उरले अकरा दिवस.

दुसऱ्या ट्रायलला मी दात नेलेच नाहीत. नुसता मऊ मेणाचा कठडा नेला. कोमट पाण्यात बुडवून तो सृष्टीने त्यांच्या हिरड्यांवर बसवला आणि मी म्हटलं, "आता वाजवा."

"यावर? दात कुठे आहेत?"

"तुमचे ओठ आणि गाल मला दाखवतील, दात कुठे हवेत ते. वाजवा."

ते वाजवायला लागले. सृष्टीच्या बाहेरच्या खोलीत बसलेली दोन माणसं उठून दारात आली. ओठांनी आणि गालांनी त्या मेणाला दाबून दाबून आपला आकार दिला. जिथे मेण आत ढकललं गेलं तिथे दात उभा करून चालणार नव्हतं, कारण तिथून ओठ त्याला हाकलणार. ही युक्ती काकांनी मला फार वर्षांपूर्वी शिकवली होती, एका कीर्तनकारांच्या वेळी, मेणाचा कठडा क्लिनिकला पाठवून. मी ती विसरले नव्हते. कष्ट कोण घेणार, म्हणून बाजूला टाकली होती.

पुन्हा दात लावले. तिसरी ट्रायल, उरले पाच दिवस. खालचे सूर टिकले. मधले टिकले. वरचा सूर आला आणि खट्ट.

"राहू द्या बाई," जब्बारभाई म्हणाले. "तुम्ही लई केलंत. बटण तर बटण."

"गप्प बसा!" मी म्हटलं. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला, क्लिनिकमध्ये, सगळ्यांसमोर. "कवळी काढा आणि क्लॅरिओनेट नुसता तोंडात धरून दाखवा, दात नसताना धरता तसं."

त्यांनी घाबरून धरला. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि बघत राहिले. दहा मिनिटं तरी बघितलं असेल. आणि मग दिसलं. क्लॅरिओनेट त्यांच्या तोंडाच्या मधोमध नव्हताच. तो डावीकडे होता, बोटाच्या अर्ध्या जाडीएवढा. खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला, एक घट्टा पडलेला होता, पन्नास वर्षांचा. आणि मी काय केलं होतं? पुस्तकात दिलेत तसे, नाकाच्या रेषेत अगदी मधोमध दात लावून ठेवले होते. क्लॅरिओनेटचा सगळा जोर एका दातावर एका बाजूने येत होता, तर कवळी कलंडणार नाही तर काय?

"तुम्ही डावीकडून वाजवता!"

"हो? मला काय माहीत. मी काय वाजवताना आरसा धरतो?"

मी तिथेच बसून, सृष्टीच्या स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून, पुढचे दात उपटले. मधली रेघ डावीकडे सरकवली. डाव्या बाजूचे दोन दात कणभर आत घेतले आणि त्यांची धार घासून सपाट केली, क्लॅरिओनेट टेकायला बैठक मिळावी म्हणून. एकही दात दुसऱ्यांदा लावायला लागला नाही. सृष्टी वाकून बघत होती. "ताई, मधली रेघ चुकलीय. हसताना वाकडं दिसेल. मी असं पास करू शकत नाही."

"जब्बारभाई, वाकडं दिसलं तर चालेल?"

"मी काय मुलगी बघायला चाललोय?"

त्यांनी वरचा सूर धरला. कवळी हलली नाही. त्यांनी तो सूर आणखी ओढला, डोळे मिटले, गाल फुगले, कपाळावर शीर उभी राहिली. कवळी हलली नाही. सृष्टीने चिठ्ठी ओढली आणि त्यावर लिहिलं, "मधली रेघ डावीकडे, पेशंटच्या गरजेनुसार." त्या मुलीबद्दल मी काय काय बोलले होते, ते सगळं मनातल्या मनात परत घेतलं.

चोवीसला कवळी पक्की झाली. सव्वीसला मी अर्धा दिवस रजा टाकली आणि बसने लोणी काळभोर गाठलं. योगेशला म्हटलं, दवाखान्यात जायचंय. तो म्हणाला, "वरातीत आहे का दवाखाना?" सगळं ऐकू जातं त्या केबिनमधून, दोन्ही बाजूंनी.

चार वाजता वरात निघाली. घोड्यावर नवरदेव, पुढे पोरं नाचायला टपलेली, मध्ये बँड. तालिब कीबोर्डच्या गाडीवर हात ठेवून तयारच होता, आणि त्याच्यासमोर लाल कोटात जब्बारभाई. मी बायकांच्या घोळक्यात घुसले. लेकीच्या दहावीच्या निकालालाही धरली नव्हती इतकी घट्ट पर्स मी छातीशी धरली होती. जब्बारभाईंनी फुंकर मारली. सूर उठला. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं, पोरं धुरळा उडवत नाचायला लागली. तिसऱ्या गाण्याला त्यांनी तो वरचा सूर घेतला आणि इतका ताणला, इतका ताणला, की तालिबने कीबोर्डवरून हात उचलले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. शेजारच्या एका आजीबाईंनी विचारलं, "तुमी नवरीकडच्या हाय का ओ?"

"नाही," मी म्हटलं, "क्लॅरिओनेटकडची."

सत्तावीसला मी सुरी योगेशच्या टेबलावर ठेवली नाही. त्यानेही विषय काढला नाही. मी म्हटलं, "तुझ्या मशीनवर कसं बसायचं ते दाखव. ते रेघ मधोमधच काढतं, ती सरकवायची कुठून, तेवढं मला बघायचंय."

आणि सोमवारी सकाळी जब्बारभाई पुन्हा दोन जिने चढून आले. म्हणाले, तिसऱ्या गाण्यापासून डावीकडे टोचतंय. तक्रार! मला इतका आनंद झाला की विचारू नका. बसवलं, कड घासली, पुन्हा वाजवायला लावलं, पुन्हा घासली. तोवर त्यांच्यामागून आणखी कुणी तरी जिना चढत होतं, कठड्याला धरून, एकेक पायरी थांबत.

मेहरुनभाभी. बारीक चणीच्या, डोक्यावरून पांढरी ओढणी, गाल आत गेलेले. त्यांनी पिशवीतून डबी काढून माझ्यासमोर ठेवली. मी झाकण उघडलं. कवळी अगदी कोरी होती, एक ओरखडा नाही, म्हणजे तिने कधी काही चावलेलंच नव्हतं. सगळे दात एका रेघेत, पट्टीने आखल्यासारखे. कुणाचं काम आहे हे विचारायची गरजच नव्हती.

मला म्हणता आलं असतं की माप चुकलं होतं. क्लिनिकवर ढकलता आलं असतं. योगेश उभा होता, बुद्धभूषण ऐकत होता. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"भाभी, ही मी केलीय. तीन वर्षांपूर्वी. तेव्हा माझं कामात मन नव्हतं. मी ही मनापासून केली नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही.

"ते मला पहिल्याच घासाला कळलं होतं," त्या म्हणाल्या, आणि दिव्याकडे तोंड वळवून त्यांनी आ केला.